फिरायला निघालाच आहात तर

शिरोळ तालुक्यात पहाटे घराबाहेर पडणाऱ्यांची वानवा नाही. जयसिंगपूर, कुरुंदवाड, शिरोळ, कुठंही जा. उजाडायच्या आधी रस्त्याच्या कडेनं माणसं चालत असतात. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं म्हणून कानटोपी घालून निघालेले काका असतात. भरतीची पोरं असतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धाव असते, त्यासाठी ही पोरं वर्ष-वर्ष घाम गाळतात. गुरुवारी आणि पौर्णिमेला त्यांच्यात वाडीचे वाटकरी मिसळतात. सांगलीहून, इचलकरंजीहून, काही तर थेट कोल्हापूरहून रात्रभर चालत नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला येतात.

एवढी माणसं एवढ्या पहाटे आपापल्या अंगातली ताकद खर्च करत असतात. त्याच रस्त्याच्या कडेला गावाची कितीतरी कामं माणसांवाचून अडलेली असतात. गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपं पाण्यावाचून सुकत असतात. घाटाच्या पायऱ्यांवर निर्माल्य साचलेलं असतं. मुलगा पुण्याला नोकरीला असलेल्या आजींची गोळ्यांची चिठ्ठी दुकानापर्यंत पोचलेली नसते. रोजच्या चालण्या-पळण्यातला आठवड्याचा एक तास गावाच्या नावानं काढला तर काय होईल, याचा विचार या प्रकरणात करायचा आहे. मला स्वतःला असं वाटतं की गावाला त्याचा फायदा होईलच, पण त्याहून जास्त फायदा चालणाऱ्याला होईल.

कारण चालायला सुरुवात करणं सोपं असतं, टिकवणं अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काम करावं. भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची एवढीही हालचाल होत नाही, असं ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2024 साली आलेल्या अभ्यासात दिसलं. यातल्या बहुतेकांना व्यायाम चांगला असतो हे ठाऊक असतं. अनेकांनी बूटही घेतलेले असतात. पण थंडी पडली, एक दिवस चुकला, मग आठवडा चुकला आणि बूट माळ्यावर गेले. आपण गेलो नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही, हे त्यामागचं खरं कारण आहे.

लंडनमध्ये आयव्हो गॉर्मली या तरुणानं हे नेमकं हेरलं. जिममध्ये यंत्रावर पळून काहीच घडत नाही, त्यापेक्षा पळत जाऊन एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला वर्तमानपत्र द्यावं, चार शब्द बोलावेत आणि पळत परत यावं, असं त्यानं सुरू केलं. त्यातून 2009 च्या सुमारास ‘गुडजिम’ ही संस्था उभी राहिली. तिथले सभासद जमून पळत जातात, एखाद्या शाळेची बाग खणतात, धान्याची खोकी लावतात आणि पळतच माघारी येतात. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: ज्या वृद्धाला भेटायला पळणारा जातो, त्या वृद्धाला तिथं ‘कोच’ म्हणतात. दर आठवड्याला कोच वाट बघत असतो, म्हणून पाय घराबाहेर पडतात. मदत नक्की कोण कुणाला करतंय, हा प्रश्न तिथं उरत नाही.

आपल्याकडे या गोष्टीला परदेशातून यावं लागलं नाही. गाडगे महाराज गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहत. 1956 साली देह ठेवेपर्यंत ते गावोगाव फिरतच राहिले. शेजारच्या हातकणंगले तालुक्यातलं कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचं जन्मगाव. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांत मुलं अंगमेहनत करून शिकली आणि कमवा व शिका ही महाराष्ट्राची ओळख झाली. कोल्हापूरच्या तालमींचंही तेच. तालमीत पोरगा जोर-बैठका मारायला जातो, पण गल्लीत कुणाच्या घरी मयत झाली, लग्नाचा मांडव घालायचा झाला, पूर आला, तर हाक तालमीलाच जाते. पंचकल्याणक पूजेच्या गर्दीत शिस्तीनं राबणारे वीर सेवा दलाचे स्वयंसेवक या भागात सगळ्यांनी पाहिले आहेत. अंग आणि गाव यांची अशी जोडी इथं जुनीच आहे. फिरायला जाणाऱ्या नव्या मध्यमवर्गानं तेवढी ती मोडली. त्यानं व्यायाम वेगळा काढून घेतला आणि गावकाम नगरपालिकेवर सोडलं.

आता शरीराच्या बाजूनं बघू. श्रमाचा हिशेब शास्त्रज्ञ ‘मेट’ या एककानं करतात. स्वस्थ बसलेल्या शरीराचा खर्च 1 मेट. झपझप चालणं 4 च्या आसपास, बागेतली लावणी-खुरपणी साधारण तेवढीच. खोऱ्यानं माती उपसणं 5 ते 6. ताशी 8 किलोमीटर वेगानं पळणं 8 च्या थोडं वर. म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसानं तासभर माती उपसली तर 300 ते 360 किलोकॅलरी खर्च होतात. चालण्यात न होणारी एक गोष्ट या कामात होते. खांदे, पाठ, मनगट, मांड्या सगळ्यांवर ताण येतो. स्नायूंसाठी जे दोन दिवस सांगितले आहेत, त्यातला एक इथंच भरून निघतो.

अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे 13,000 लोकांचा एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. वर्षाला शंभर तास किंवा अधिक, म्हणजे आठवड्याला दोनेक तास, स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये पुढच्या चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, हालचालीच्या अडचणी कमी दिसल्या आणि मनाची उभारी जास्त दिसली. असे अभ्यास वाचताना जपून वाचावेत, कारण धडधाकट माणूसच मुळात स्वयंसेवेला येतो. अभ्यासकांनी तो फरक वजा करण्याचा प्रयत्न केलेला आहे, तरी पुरता वजा होत नाही. पण आठवड्याला तास-दोन तास हे माप मला भावतं. ते कुणालाही झेपतं.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. हे सारं बसून काम करणाऱ्यांसाठी आहे. शिक्षक, दुकानदार, बँकेतले, कॉलेजातले, निवृत्त झालेले, यांच्यासाठी. जी बाई दिवसभर उसात भांगलण करून आली, तिच्या हातात संध्याकाळी आरोग्य म्हणून खराटा देऊ नये. तिच्या अंगाला विश्रांती हवी. गावातल्या श्रमदानाच्या फोटोत पुढं पुढारी आणि मागं खरोखर खणणाऱ्या बायका, हे चित्र फार झालं.

केंदाळ

शिरोळमध्ये काम शोधत हिंडावं लागत नाही, नदी आणून देते. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा हा तालुका. त्यातली पंचगंगा प्रयाग चिखलीजवळ आकाराला येते आणि कोल्हापूर, इचलकरंजी करत सुमारे 80 किलोमीटरवर नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. वरच्या शहरांनी नदीत जे सोडलं ते सगळं शेवटी शिरोळकरांच्या दारात येतं. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलपर्णीला आयतं खत. आपण तिला केंदाळ म्हणतो. अनुकूल हवेत केंदाळाचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले की पाणी थांबतं आणि तेरवाडसारख्या बंधाऱ्यामागं हिरवा गालिचा पसरतो. खाली उजेड जात नाही, कुजणाऱ्या मुळ्या पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात, आणि उन्हाळ्यात मेलेले मासे काठाला लागतात.

केंदाळ काढणं हा अंगाचा कस पाहणारा व्यायाम आहे. त्यात कसबही आहे. ओल्या केंदाळात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून पहिल्यांदा आलेली मंडळी पहिल्या दहा बुट्ट्यांतच दमतात. जाणती माणसं तसं करत नाहीत. ती लांब दोर आडवा टाकून, दोन्ही टोकं काठावरून ओढत एक मोठा पट्टा कडेला आणतात. बांबूला आकडी बांधून तो वर घेतात आणि रात्रभर काठावर निथळत ठेवतात. दुसऱ्या दिवशी तेच केंदाळ कितीतरी हलकं झालेलं असतं. ओढताना कमरेत वाकायचं नाही, गुडघे मोडून पायांच्या जोरावर मागं सरकायचं. रस्सीखेच खेळलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पोहता येत असलं तरी कमरेच्या वर पाण्यात उतरायचं नाही, कारण मुळ्यांच्या जाळ्यात पाय अडकतो आणि त्याच जाळ्यात साप मुक्कामाला असतात.

काढलेलं केंदाळ काठावरच टाकून घरी गेलात तर पहिल्या पावसात ते परत नदीत जातं. ते पाण्याच्या रेषेपासून पुष्कळ वर न्यायला हवं. खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थर देऊन त्याचं खत होतं. मात्र कारखान्यांचं पाणी मिसळलेल्या नदीतलं केंदाळ जड धातू शोषून घेतं. तसलं खत भाजीला घालू नये, रस्त्याकडेच्या झाडांना घालावं.

दोर ओढून पंचगंगा शुद्ध होणार नाही, हे ओढणाऱ्यालाही कळतं. सांडपाणी प्रक्रियेशिवाय नदीत जाणं थांबलं तरच केंदाळ थांबेल. मग हे काम करावं कशाला? एक तर बंधाऱ्यापाशी पाणी थोडं मोकळं होतं. आणि दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्यानं चार रविवार हातानं केंदाळ ओढलं, त्याला कुठल्या ओढ्यातून कुठल्या रंगाचं पाणी येतं, कोणत्या वेळी वास सुटतो, हे तोंडपाठ होतं. तो ग्रामसभेत उभा राहतो तेव्हा त्याचं बोलणं कुणाला सहज उडवून लावता येत नाही.

पुराच्या आधीची फेरी

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 हे दोन महापूर तालुक्याच्या अंगावर कोरले गेले आहेत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 साली 56 च्या आसपास. शिरोळचं दुखणं त्याहून वेगळं. कृष्णा भरली की पंचगंगेला वाट मिळत नाही, पाणी माघारी फुगतं आणि सपाट रानात ते पसरून बसतं. चढायला दोन दिवस, उतरायला आठवडा.

अशा वेळी बोटी, एनडीआरएफ, कोल्हापूरची व्हाईट आर्मी सगळे धावून येतात. पण बोट आल्यावर पहिला प्रश्न असतो: कुणाला आधी काढायचं? कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कुठं नवव्या महिन्यातली बाई आहे, कुणाला दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं, कुणाच्या दावणीला किती जनावरं आहेत? हे सगळं बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. रोज त्या गल्लीतून चालणाऱ्याला असतं. म्हणून मे महिन्यात फिरायला जाणाऱ्या गटानं ही यादी करावी. रोजची वाट सोडून एकेक दिवस एकेका गल्लीत जायचं, दार ठोठावायचं, बसून पाणी प्यायचं, विचारायचं, वहीत उतरवायचं. चालणं तेवढंच होतं. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि एक गटाकडे. दर जूनच्या पहिल्या आठवड्यात ती ताजी करायची.

इथं भरतीच्या पोरांचा मोठा उपयोग आहे. सकाळच्या धावेत त्यांची रोज चार-पाच किलोमीटरची फेरी असतेच. यादीतल्या एकेका एकट्या घराची जबाबदारी एकेका धावपटूनं घ्यावी. आठवड्यातून एकदा फेरी त्या दारावरून न्यायची, पाच मिनिटं थांबायचं. गोळ्या संपल्यात का, वीजबिल आलंय का, गॅस लावायचाय का? पुराच्या काळात हीच ओळख कामाला येते. पाणी चढायला लागलं की घर सोडायला तयार नसलेली आजी तलाठ्याचं ऐकत नाही. दर गुरुवारी येणाऱ्या पोराचं ऐकते.

गाळ

पूर ओसरला की खरी मेहनत सुरू होते. घराघरात घोट्यापासून मांडीपर्यंत गाळ असतो. 2019 साली महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून तरुण मुलं गाडी करून आली आणि परक्या माणसांची घरं त्यांनी साफ केली. त्यांना या भागानं कधी विसरू नये. पण पुष्कळांना काम कसं करायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो.

गाळ ओला असतानाच काढायचा. पाणी उंबऱ्याखाली जात असतं तेव्हा त्याच पाण्याचा उपयोग करून घ्यायचा. आतल्या खोलीतून सुरुवात करून खराट्यानं गाळ दाराकडे ढकलत आणायचा. एकदा तो वाळून फरशीला धरला की कुदळीशिवाय सुटत नाही आणि काम दुप्पट होतं. त्याआधी विजेचा मेन स्विच बंद आहे ना, हे घरमालकाबरोबर पाहायचं. पांढऱ्या मातीच्या भिंतींचं घर असेल तर आत पाऊलच टाकायचं नाही. पुरात उभ्या राहिलेल्या भिंती पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर ढासळतात. आधी गवंड्याला दाखवायचं.

खोरं चालवणारा पंधरा-वीस मिनिटांनी बदलायचा. तो बुट्टी वाहायला, बुट्टीवाला खोऱ्याला. खोरं भरताना एक पाय पुढं, गुडघे वाकलेले. उचलल्यावर कंबर पिळायची नाही, पाऊल वळवायचं. नव्या माणसाची कंबर बहुतेक वेळा या पिळण्यानंच धरते. बुट्टी काठोकाठ भरू नये. घरातलं सामान बाहेर काढताना मालकीणबाईंना विचारल्याशिवाय काहीही फेकू नये. चिखलानं माखलेलं कागदाचं पुडकं तुम्हाला कचरा वाटतं, त्यात सातबारा असतो, पोराची मार्कशीट असते. लग्नाचा अल्बम असतो.

गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. पुराच्या चिखलात उंदरांच्या मुताबरोबर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही ते शरीरात शिरतात. चिखलात काम करणाऱ्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल आधी विचारावं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते पाहावं. कामानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘मी पुराच्या चिखलात काम केलंय’ हे आवर्जून सांगावं. या एका वाक्यानं निदान लवकर होतं.

परस आणि रोपं

बागकामाबद्दल इथं दुसऱ्या गावांपेक्षा वेगळं बोलावं लागतं, कारण जमीन वेगळी आहे. काठावरच्या मळीत काहीही पेरा, उगवतं. वाडीच्या आसपासची वांगी उगीच नावाजलेली नाहीत. तेच आत उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाणी पाजून जमिनीला मीठ फुटलं आहे. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा होत नाही, भूजल वर येतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतो. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून अशी शेकडो एकर रानं पुन्हा पिकती केली. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या परसबागेत ते शक्य नाही. तिथं गादीवाफे उंच घ्यायचे, पाणी बेतानं घालायचं, पहिल्या वर्षी पालक आणि बीट लावायचं. ती क्षार बऱ्यापैकी सोसतात. घेवडा सोसत नाही. तो उगवला नाही म्हणून पोरांचा हिरमोड होऊ देऊ नये. दसरा झाला, पुराचं भय सरलं की वाफे धरायचे. तयार झालेली भाजी शाळेच्या पोषण आहारात जाते, हे मुलांना ताटात दिसलं पाहिजे.

झाडांचं म्हणाल तर पूररेषेत जुलैमध्ये लावणी करू नका. वनमहोत्सवाची तारीख ती असते, फोटो चांगले येतात, आणि ऑगस्टमध्ये वीतभर रोप हातभर गाळाखाली जातं. पूररेषेत लावणी पाणी उतरल्यावर करावी आणि झाडं काठाची निवडावीत: वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. करंज तर क्षारातही तगतो. लावायला गाव जमतं. फेब्रुवारी ते मे पाणी घालायला मात्र कुणी नसतं, आणि रोपं मरतात ती तेव्हा. फिरायला जाणाऱ्या प्रत्येकानं दोन्ही हातांत दोन-दोन लिटरच्या बाटल्या घेऊन निघावं आणि ठरलेल्या दोन रोपांच्या आळ्यात त्या ओतून यावं. जाताना खांद्यांना व्यायाम, येताना हात मोकळे. साठीच्या पुढच्या माणसालाही हे जमतं, फक्त गुडघे दुखत असतील तर एकच बाटली.

गट फार मोठा नको. सात-आठ माणसं, आठवड्याचा एकच ठरलेला वार, काम तासाभरात आटोपणारं, आणि काय करणार हे ग्रामपंचायतीला आधी कळवलेलं. ज्यांना ओझं झेपत नाही त्यांनी वही सांभाळावी, चहा करावा, आरोग्य केंद्राशी बोलावं. सामान साधं लागतं: पाच-सहा खोरी, दहा बुट्ट्या, खराटे, दोन कुदळी, पन्नास हात दोर, गमबूट आणि हातमोजे. वर्गणी काढून हे एकदाच घ्यावं आणि तालमीत, समाजमंदिरात किंवा शाळेत ठेवावं. ठेवताना भिंतीवरची 2019 च्या पाण्याची खूण पाहून तिच्या वर फळी मारून घ्यावी, नाहीतर ज्या आठवड्यात त्या सामानाची सर्वांत जास्त गरज असेल त्याच आठवड्यात ते पाण्याखाली असेल.